दंतरोपणातील अचूकपणा : साचा आणि हात

दात पडणे ही माणसाला नवी गोष्ट नाही; पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडातच नवे मूळ बसविणे ही विद्या मात्र अगदी अलीकडची आहे. पनवेललगत सिडकोने वसविलेल्या करंजाड्यासारख्या नव्या वस्तीतदेखील आता इमारतींच्या तळमजल्यावर दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतात, आणि त्यांतल्या पुष्कळ पाट्यांवर ‘इम्प्लांट’ हा शब्द असतो. त्याच्या जोडीला अलीकडे ‘गाइडेड’ असा आणखी एक शब्द येऊन बसला आहे. संगणकावर आधी योजना आखून, त्या योजनेबरहुकूम साचा तयार करून केलेले रोपण, असा त्याचा अर्थ. साच्याचे पैसे वेगळे पडतात. तेव्हा ज्याची दाढ गेली आहे अशा माणसाला साहजिकच प्रश्न पडतो की, साच्याने करून घ्यावे की डॉक्टरांच्या हातावर विसंबावे? प्रस्तुत व्याख्यानात आम्हाला याच एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. साच्यामुळे हाताची चूक पुष्कळ कमी होते, कोनाच्या बाबतीत तर ती निम्म्याच्याही खाली येते. पण ती नाहीशी होत नाही. शिवाय साचा हा योजनेचा नोकर आहे. योजनाच चुकली असेल तर तो ती चूक इमानेइतबारे हाडात उतरवितो.

प्रथम रोपण म्हणजे काय ते पाहू. १९५२ साली स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण अभ्यासीत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियम धातूची एक लहानशी नळी बसविली होती. प्रयोग संपल्यावर ती काढावयास गेले, तो निघेना. हाड त्या धातूला थेट चिकटून वाढले होते. शरीर ज्या परक्या वस्तूला सहसा बाहेर ढकलावयास पाहते, तिलाच हाडाने आपले मानले होते. या अनुभवावर पुढे बरीच वर्षे काम करून १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या गृहस्थांच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसविली. लार्सन २००६ साली वारले, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ती मुळे त्यांना उपयोगी पडली. आजचे रोपण म्हणजे याच विद्येचे पुढचे रूप. साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांबीचा एक टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवावयाचा, हाडाने त्याला धरून ठेवीपर्यंत काही आठवडे किंवा महिने थांबावयाचे आणि मग त्यावर दात चढवावयाचा.

स्क्रू लहान आहे, पण तो बसवावयाची जागा त्याहूनही आखूड असते. खालच्या जबड्याच्या हाडातून एका बोगद्यासारख्या वाटेने एक ज्ञानतंतू जातो. खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना त्याच्याकडे आहे. ड्रिल तेथवर पोहोचले तर ओठ बधिर होतो, आणि ही बधिरता काहींच्या बाबतीत कायमची राहते. मग चहाचा थेंब ओठावरून ओघळला तरी कळत नाही, दाढी करताना वस्तरा लागला तरी कळत नाही. वरच्या जबड्यात मागच्या दाढांच्या वर सायनस नावाची पोकळी असते आणि तिच्या तळाचे हाड कित्येकदा फार पातळ असते. दोन्ही बाजूंना शेजारच्या दातांची मुळे असतात. त्यांच्यापासून निदान दीड मिलिमीटर अंतर राखावे लागते, आणि दोन रोपणे शेजारी शेजारी असतील तर त्यांच्यात तीन. पुढच्या दातांच्या बाहेरील अंगाला हाडाची जी भिंत असते ती पुष्कळांत एक मिलिमीटरचीही नसते. समजा, हाडाची रुंदी सहा मिलिमीटर आहे आणि स्क्रू चार मिलिमीटरचा आहे. तो बरोबर मध्यावर बसला तर दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर हाड उरेल. एक मिलिमीटर सरकला तर एका बाजूला काहीच उरणार नाही. दंतवैद्याचा सारा हिशेब अशा एकेका मिलिमीटरचा आहे.

आता मुक्तहस्त पद्धत पाहू. शाळेत चित्रकलेच्या तासाला पट्टी-कंपास न घेता जे रेखाटन काढतात त्याला मुक्तहस्त म्हणतात. त्याच अर्थाने हा शब्द येथे घ्यावयाचा. मुक्तहस्त म्हणजे अंदाजपंचे नव्हे. क्ष-किरणचित्र पाहिलेले असते, आजकाल बहुधा सीबीसीटी नावाचे त्रिमिती चित्रही काढलेले असते. डॉक्टर हिरडी बाजूला करून हाड डोळ्यांनी पाहतो, शेजारच्या दातांवरून दिशा ठरवितो, अगदी बारीक ड्रिलने पहिले छिद्र पाडतो, त्यात एक धातूची काडी उभी करून पुन्हा क्ष-किरणचित्र घेतो, दिशा चुकली असल्यास सुधारतो आणि मग क्रमाक्रमाने छिद्र रुंद करीत जातो. यात सगळा भार डोळा, मनगट आणि अनुभव यांवर असतो. रोग्याच्या तोंडात मागच्या बाजूला, लाळ आणि रक्त यांतून, आरशातून पाहत हे काम चालते हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मार्गदर्शित पद्धतीत हाच विचार शस्त्रक्रियेच्या आधी, संगणकापुढे शांतपणे बसून केला जातो. सीबीसीटीवरून हाड आणि ज्ञानतंतूची वाट कळते. तोंडात लहानसा स्कॅनर फिरवून, किंवा पूर्वीप्रमाणे माप घेऊन, दात व हिरड्यांचा आकार कळतो. ही दोन चित्रे संगणकात एकावर एक बसवितात. मग शेवटी दात कोठे यावयास पाहिजे ते आधी ठरवून, त्याखाली मूळ कोठे हवे ते आखतात. या आखणीवरून त्रिमिती छपाईच्या यंत्रावर राळेचा एक साचा तयार होतो. तो दातांवर टोपीसारखा बसतो आणि जेथे रोपण करावयाचे तेथे त्याला नळीसारखे एक भोक असते. ड्रिल त्या नळीतूनच जाते. पुरती मार्गदर्शित पद्धत असेल तर किती खोल जावयाचे तेही थांब्याने ठरलेले असते आणि स्क्रूदेखील त्याच नळीतून बसवितात. काही डॉक्टर फक्त पहिले छिद्र साच्यातून पाडतात आणि पुढचे काम मोकळ्या हाताने करतात. ती अर्धमार्गदर्शित पद्धत.

या पद्धतींची तुलना कशी करतात? योजनेतील स्क्रू आणि प्रत्यक्ष बसलेला स्क्रू यांची चित्रे संगणकात एकमेकांवर ठेवतात आणि फरक मोजतात. तोंडाशी किती सरकला, टोकाशी किती सरकला आणि किती अंशांनी कलला, अशी ही तीन मापे असतात. बेल्जियममधील घेंट येथील तज्ज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत रोग्यांची वाटणी दैवगतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, तीन गटांत केली होती. मुक्तहस्त गटात सरासरी कल सुमारे सात अंश निघाला, अर्धमार्गदर्शित गटात सुमारे सहा अंश आणि पुरत्या मार्गदर्शित गटात सव्वादोन अंशांच्या आसपास. टोकाशी झालेली चूक मुक्तहस्तात दोन मिलिमीटरांहून किंचित अधिक होती आणि पुरत्या मार्गदर्शित गटात सुमारे एक मिलिमीटर. बँकॉक येथील चुलालाँगकॉर्न विद्यापीठातून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच तुलनेतही मुक्तहस्त सुमारे सात अंश आणि साचा सुमारे तीन अंश असेच प्रमाण आले. साच्याची पद्धत बरी की हात बरा, एवढाच प्रश्न असता तर त्याचे उत्तर येथेच मिळाले असते.

सात अंश म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून गवंड्याच्या ओळंब्याचा दाखला घेऊ. दहा फूट उंचीची भिंत सात अंशांनी कलली तर तिचा माथा पायथ्यापासून जवळजवळ सव्वा फूट बाहेर जाईल; असे घर कोणी राहावयास घेणार नाही. साडेतीन अंशांनी कलली तर सात इंचांहून थोडा अधिक जाईल. दहा मिलिमीटर लांबीच्या स्क्रूला हाच हिशेब लावला, तर सात अंशांच्या कलाने त्याचे टोक सव्वा मिलिमीटर सरकते आणि साडेतीन अंशांच्या कलाने सहा दशांश मिलिमीटर. तोंडाशी झालेली चूक त्यात मिळते ती वेगळीच. म्हणून टोकाची चूक नेहमी तोंडाच्या चुकीपेक्षा मोठी निघते, आणि लांब स्क्रूला कलाची भीती अधिक.

पण आकड्यांची दुसरी बाजूही श्रोत्यांनी पाहिली पाहिजे. साच्याने केलेल्या रोपणांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. ४७१ रोग्यांच्या तोंडातील २,२३८ रोपणांची मापे त्यात एकत्र केली होती. सरासरी चूक तोंडाशी १.२ मिलिमीटर, टोकाशी १.४ मिलिमीटर आणि कल साडेतीन अंश अशी निघाली. ‘संगणकाने केले म्हणजे केसभरही चूक नाही’ असे जे कोणी सांगतात त्यांना हे आकडे पुरेसे उत्तर आहेत. त्यातूनही ही सरासरी आहे. गाढी नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे एवढ्या बोलण्यावर विसंबून पोहता न येणारा शहाणा माणूस पात्रात उतरत नाही, कारण बुडविणारा डोह सरासरीत दिसत नसतो. येथेही तसेच आहे. बहुतेक रोपणे सरासरीच्या जवळ बसतात, पण थोडी बरीच दूर जातात, आणि रोग्याच्या दृष्टीने महत्त्व त्या थोड्यांना असते. म्हणूनच साचा वापरला तरी ज्ञानतंतूपासून निदान दोन मिलिमीटर मोकळी जागा योजनेतच राखावी, असे तज्ज्ञ सांगतात. समजा, एखाद्या बाईंच्या जबड्यात दाढेच्या जागी ज्ञानतंतूच्या वर बारा मिलिमीटर हाड आहे. तेथे दहा मिलिमीटरचा स्क्रू ही शेवटची मर्यादा झाली. ‘आता साचा आहे, मग साडेअकरा बसवू’ असे म्हणणे म्हणजे साच्याने दिलेली सुरक्षितता हावेपोटी पुन्हा गमावणे होय.

साच्यात चूक येते कोठून? ती कोठल्याही एका जागी नसते. प्रत्येक पायरीवर थोडी थोडी साचत जाते. त्रिमिती चित्र काढताना रोग्याने मान हलविली की चित्र पुसट होते. तोंडात धातूच्या टोप्या असतील तर त्यांच्या भोवती चित्रात रेघा पसरतात. दोन चित्रे एकमेकांवर बसविताना थोडा फरक राहतो. छापताना आणि राळ कडक होताना साचा किंचित बदलतो. नळीत ड्रिल फिरले पाहिजे म्हणून थोडी मोकळीक ठेवावीच लागते, आणि तेवढ्या मोकळिकीत ते तिरपे होऊ शकते. हाड एका बाजूला कठीण आणि दुसऱ्या बाजूला भुसभुशीत असेल तर ड्रिल मऊ बाजूकडे ओढले जाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साचा कशावर टेकला आहे. तो दातांवर टेकला असेल तर स्थिर राहतो. दात मुळीच नसतील तर त्याला हिरडीवर टेकावे लागते, आणि हिरडी दाबली की दबते. त्यामुळे ज्यांचे काही दात शिल्लक आहेत त्यांच्यात साच्याची अचूकता अधिक आणि पूर्ण बोळक्या तोंडात कमी, असा अनुभव आहे. साच्याला छोट्या खिडक्या ठेवलेल्या असतात त्या याचसाठी. तो दातांवर पुरता बसला की नाही हे डॉक्टरने त्यातून पाहावयाचे असते. अर्धवट बसलेल्या साच्यातून केलेले छिद्र सुरेख आणि सरळ असते, फक्त ते चुकीच्या जागी असते.

येथून हाकेच्या अंतरावरील पेणच्या गणेशमूर्ती सर्वांच्या माहितीच्या आहेत. मूर्तीचे अंग साच्यातून निघते, म्हणून शंभर मूर्ती सारख्या निघतात. पण डोळ्यांची आखणी जाणत्या कारागिराच्या हातूनच व्हावी लागते. आणि मुळातला साचाही कोणा हाताने घडविलेल्या मूर्तीवरूनच झालेला असतो. दंतरोपणातही साचा आला म्हणून कौशल्याची गरज संपली नाही. कौशल्याची जागा आणि वेळ बदलली. जो विचार पूर्वी ड्रिल हातात असताना करावा लागे, तो आता आदल्या आठवड्यात संगणकापुढे करावा लागतो. तो विचार दूरच्या प्रयोगशाळेतील माणसाने केला आणि डॉक्टरने नुसती मान डोलावली, तर साचा कितीही नेमका असो, रोपण दुसऱ्याच्या अंदाजावर झाले असे म्हणावे लागेल.

काही तोंडांत साचा वापरणेच अवघड असते. साच्याची जाडी मध्ये येते म्हणून त्याबरोबरची ड्रिले लांब असतात, आणि ती मागच्या दाढेपर्यंत उभी धरावयाची तर तोंड चांगले उघडले पाहिजे. आपल्याकडे ही अडचण फार आहे, आणि तिचे कारण सुपारी. सतत सुपारी आणि गुटखा चघळणाऱ्यांच्या गालाचे आतले अस्तर ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. या विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली दिले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी असे रोगी दवाखान्यात अद्याप येतात. स्वतःची तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये जात नसतील, तर रोपणाचा विचार बाजूला ठेवून आधी त्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. कारण या विकारातून पुढे कर्करोगही उद्भवू शकतो.

दुसरी अडचण उष्णतेची. हाड कापताना तापते. सत्तेचाळीस अंश सेल्सियस उष्णता मिनिटभर टिकली तरी हाडाला इजा होते, असे स्वीडनमधील संशोधकांनी १९८३ साली सशांवरील प्रयोगांतून दाखविले. म्हणून ड्रिलवर सतत गार सलाइनचे पाणी सोडतात. साचा मध्ये असला की ते पाणी छिद्रापर्यंत नीट पोहोचत नाही. तेव्हा ड्रिल वरखाली करीत, थांबत थांबत चालवावे लागते. हे भान हातालाच असते, साच्याला नसते.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती साच्याची जाहिरात करणारे सहसा सांगत नाहीत. अचूकता आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साच्याने केलेली आणि मुक्तहस्ताने केलेली रोपणे काही वर्षांनी पाहिली, तर हाडात टिकून राहण्याच्या बाबतीत त्यांच्यात लक्षणीय फरक आढळलेला नाही. चार-पाच अंशांचा कल हाडाला बहुधा चालतो. मग एवढी अचूकता कशासाठी? एक तर वर सांगितलेल्या ज्ञानतंतूसाठी आणि शेजारच्या मुळांसाठी. दुसरे म्हणजे वरच्या दातासाठी. पुढचा दात बाहेरच्या अंगाला कलला तर हिरडी हळूहळू वर सरकते आणि हसताना धातूची कडा दिसू लागते. दाढ वेड्यावाकड्या दिशेला आली तर तिच्याखाली अन्न अडकते, ब्रश पोहोचत नाही, आणि पुढे हिरडी सुजून हाड झिजावयास लागते. म्हणजे चुकीची किंमत कित्येकदा शस्त्रक्रियेच्या दिवशी कळत नाही, ती काही वर्षांनी चुकवावी लागते.

यावरून साचा कोठे घ्यावा याचा साधा नियम निघतो. पुढचा दिसणारा दात, ज्ञानतंतू किंवा सायनस जवळ असलेली जागा, अरुंद हाड, एकाच वेळी अनेक रोपणे, हिरडी न उघडता करावयाचे काम, अशा ठिकाणी साच्याचे पैसे वाया जात नाहीत. उलट, भरपूर रुंद आणि उंच हाड, दोन्ही बाजूंना शाबूत दात आणि मध्ये एकच दाढ गेलेली, अशा जागी सरावलेल्या हाताने केलेले काम पुरेसे चांगले होते. तेथे साचा नाकारला म्हणून डॉक्टर जुनाट ठरत नाही. नवख्या हाताला साच्याचा आधार अधिक उपयोगी पडतो हे खरे. पण साचा ऐन वेळी बसला नाही, मोडला, तर तो बाजूला ठेवून पुढचे काम करण्याची किंवा तेथेच थांबण्याची तयारीही त्याच हातात असली पाहिजे.

करंजाड्याच्या शेजारीच नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पावसाळी हवेत विमान उतरविताना वैमानिकाला जमिनीवरून येणाऱ्या रेडिओलहरी दिशा आणि उतार दाखवितात. तरी अशा साधारण अवतरणात ठरावीक उंचीवर येताच धावपट्टी डोळ्यांना दिसलीच पाहिजे. न दिसली तर विमान पुन्हा वर न्यावयाचे, असा नियम आहे. रोपण करणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. पहिले छिद्र झाल्यावर साचा काढून पाहावे, क्ष-किरणचित्र घ्यावे आणि मगच पुढे जावे. आता तर साच्याऐवजी कॅमेरे ड्रिलवर आणि जबड्यावर नजर ठेवून पडद्यावर दिशा दाखवितात. चीनमधील शीआन येथे २०१७ साली यंत्रमानवाने दोन रोपणे बसविली. तरीही डॉक्टर शेजारी उभे होतेच.

तेव्हा रोपण करून घेणाऱ्याने ‘साचा की हात’ एवढेच न विचारता चार प्रश्न विचारावेत. माझ्या हाडाचे त्रिमिती चित्र काढले आहे काय, आणि ते मला दाखवाल काय? ज्ञानतंतूपासून किती मिलिमीटर अंतर राखले आहे? योजना स्वतः तुम्ही आखली आहे काय? आणि साचा बसला नाही तर काय करणार? सीबीसीटीच्या यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तोही विचारावयास हरकत नाही. दुसरे मत हवे असेल तर कामोठे, खारघर आणि नेरूळ येथे दंतमहाविद्यालये आहेत. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. त्याने ते स्वतःला आधीच विचारलेले असतात. जो संगणकावरचे चित्र तुमच्यापुढे फिरवून ‘ही तुमची नस, हे हाड, आणि एवढी जागा आपण मोकळी ठेवणार’ असे दाखवितो, त्याच्या हाती साचा असो वा नसो, आपला जबडा द्यावयास हरकत नाही. एवढे सांगून हे विवेचन पुरे करतो.